तारेची तहान

टेलिफोन एक्स्चेंजच्या मागच्या भिंतीला लागून एक खड्डा होता, आणि त्या खड्ड्याला रोज एक घागर पाणी लागायचं. घरात माणसं दोन. दोघांना मिळून दोन घागरी आणि खड्ड्याला एकट्याला एक. "आमच्या घरात पिणारा एकच," लाइनमनीण सांगायची, "आणि तो नवरा नव्हे."

तिचा नवरा लाइनमन. मास्तराची मास्तरीण होते तशी गावानं तिची लाइनमनीण करून टाकली होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी खात्यानं गावात एक्स्चेंज काढलं. पत्र्याची एक खोली, खोलीत लाकडी बोर्ड, बोर्डावर बावीस झडपा. ज्या नंबराचा फोन यायचा त्याची झडप खट्‌कन पडायची. खोलीला चिकटून लाइनमनसाठी दोन खोल्या. गावातल्या एकवीस नंबरांना दोन-दोन तारा मिळाल्या. बाविसावा नंबर वरच्या पठारावरच्या वस्तीतला, सार्वजनिक. तिथवर खांब लागले दोनशे चौदा, आणि खात्याची तार पुरली एकदाच. दुसरी मागाहून येतेय, म्हणून इंजिनियर साहेब जीपमध्ये बसले. तोवर तात्पुरती सोय केली: बोलणं तारेतून जाईल आणि जमिनीतून परत येईल. त्यासाठी दोन्ही टोकांना एकेक खड्डा, खड्ड्यात तांब्याची सळई, भोवती कोळसा आणि मीठ. जमीन तेवढी ओली पाहिजे. कोरडी जमीन एक अक्षर पुढे सरकू देत नाही.

ती सोय एकोणीस वर्षं तात्पुरती होती. इंजिनियर साहेब पेन्शनीत निघाले, त्यांचे केस गेले, कवळी आली. दुसरी तार अजून वाटेतच होती.

पाऊस बरा होता तोवर खड्ड्याकडे कुणी बघत नव्हतं. पण सलग दोन वर्षं आभाळ नुसतं येऊन बघून गेलं, आणि खड्ड्याची तहान जागी झाली. घागरभर पाणी ओतलं की सळईभोवती चर्र आवाज व्हायचा आणि दुपारपर्यंत वरची माती पुन्हा पिठासारखी.

रोज सकाळी सातला वस्तीची लाइन तपासायची पद्धत होती. वरच्या टोकाला दुकान, दुकानाच्या भिंतीला फोन, आणि त्या दुकानातच लाइनमनची मुलगी दिलेली. नवरा कामासाठी शहरात, सासऱ्याला कानानं कमी, म्हणून फोन तिच्याच गळ्यात. तिनं एक ते पंचवीस आकडे म्हणायचे, प्रत्येक आकड्यानंतर दोन श्वास थांबायचं. इकडे बाप ऐकणार आणि आवाज कुठे तुटतो ते बघणार. तुटला तर तितक्या खांबांची पायपीट.

बोर्डावर ऑपरेटरबाई असायची. पन्नाशीची, बिनलग्नाची, कानावर कायम बोर्डाचं यंत्र, त्यामुळे गावात कुणाचं काय चाललंय हे तिला त्या माणसाच्या आधी कळायचं. ती एक जादा यंत्र लाइनमनीणला कानाला लावू द्यायची. हे नियमात नव्हतं.

"...तेवीस. चोवीस. पंचवीस. बाबा, ऐकू आलं का?"

"आलं. पंधरा-सोळा जरा खोल गेले."

"आई आहे का तिथे?"

"मी कुठे जाणार?" लाइनमनीण म्हणाली. "पाय सुजलेत का गं?"

"सुजलेत. चपला होत नाहीत. सासऱ्यांच्या घातल्यात."

"खड्ड्याला पाणी घातलंस?"

"भांडी विसळलेलं घातलं. आई, अजून पंधरा दिवस आहेत. तू आत्तापासून नको सुरू होऊस."

मुलीनं खाली यायचं ठरलं होतं, पण दुकान आणि बहिरा म्हातारा कुणाच्या भरवशावर टाकायचे? मग ठरलं ते असं: कळा सुरू झाल्या की तिनं फोन करायचा. इथून लाइनमननं सुईणीला घेऊन खडीवाल्याच्या ट्रकनं वर जायचं. चालत पाच तास, गाडीनं दीड. सगळं त्या एका तारेवर लटकलेलं, आणि तार त्या एका घागरीवर.

*

झरा दोन टेकड्यांपलीकडे. तिथे राखणदार बसवला होता. त्याचं मत होतं की आपण नसतो तर या बायकांनी एकमेकींना पिऊन टाकलं असतं. नियम साधा: माणसी एक घागर. पत्र्याचे बिल्ले मिळायचे आणि नंबर आला की करवंटीनं पाणी भरत बसायचं. झऱ्याला पाणी म्हणजे खडकाच्या ओठांवर आलेली लाळ. एक घागर भरायला माणसाला घरचं सगळं आठवून व्हायचं.

लाइनमनीण गेला महिनाभर तीन घागरी नेत होती. तिसरी मुलीच्या नावावर. मुलगी बाळंतपणाला आलीय, असं तिनं सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशी तिचा नंबर आला आणि मागून शेळीवाली म्हणाली, "काय गं, पोरगी आलीय म्हणे तुझी? आम्हाला कुठे दिसली नाही. काल तर फोनवर बोलत होतीस तिच्याशी. एका घरात राहून फोन करता होय?"

बायका हसल्या. पाण्यावाचून हसणंही कोरडं येतं, खोकल्यासारखं.

राखणदारानं मान तिरकी केली. "तिसरी कुणाची मग?"

"खड्ड्याची," लाइनमनीण म्हणाली. खोटं बोलायलाही ताकद लागते.

"खड्डा माणूस आहे का?"

"माणसापेक्षा कामाचा आहे. बसून राहत नाही, उभा असतो."

"कागद आण. खात्याचा."

कागद होता. लाइनमननं दोन महिन्यांपूर्वीच वर लिहिलं होतं. टेलिफोन खात्याचं उत्तर आलं: पाणी हे टेलिफोनचं साहित्य नसल्यामुळे पुरवता येत नाही, पाणी खात्याकडे अर्ज करावा. पाणी खात्यानं कळवलं: खड्डा ही सजीव वस्तू नसल्यामुळे मागणी नामंजूर. लाइनमननं दोन्ही कागद एकाच खिळ्याला अडकवले होते. वारा आला की ते एकमेकांवर आपटायचे.

तिसरी घागर रिकामीच परत आली. डोक्यावर भरलेली एक, कमरेवर एक, आणि रिकामी हाताला लोंबकळत, दर पावलाला गुडघ्यावर ठण् ठण्. दोन टेकड्या ती तो आवाज ऐकत आली. मानेतली शीर अशी ताठली होती की घरी पोचून घागरी उतरल्यावरही डोक्यावर कुणीतरी बसून असल्यासारखं वाटत होतं.

त्या दिवसापासून दोन घागरींचे तीन वाटे झाले. भांड्यांचं पाणी खड्ड्याला, हात धुतलेलं खड्ड्याला. लाइनमननं अंघोळ सोडली. तसा तो त्या बाबतीत कधी फार आग्रही नव्हता, पण आता त्याला खात्याचं कारण मिळालं.

"मीठ वाढवतो," तो म्हणाला. "मीठ असलं की कमी पाण्यात भागतं."

त्यानं दोन शेर मीठ खड्ड्यात कालवलं. दुसऱ्या दिवशी शेळीवालीच्या सगळ्या शेळ्या खड्ड्याभोवती, जिभा काढून माती चाटताहेत. हाकलल्या की जायच्या, वळलं की हजर. एक काळी शेळी तर इतकी सरावली, की वस्तीचा फोन यायच्या आधी ती मान वर करून उभी राहायची. ऑपरेटरबाई शपथेवर सांगते की आधी शेळी ओरडायची आणि मग झडप पडायची. बाई खोटं बोलत नाही. शेळीचं सांगता येत नाही.

लाइनमनीणनं जाऊन शेळीवालीला सुनावलं, "तुझ्या शेळ्या सरकारी मीठ खातात."

"मग? टाकशील का तुरुंगात?"

"रोज एक तांब्या दूध दे, नाहीतर काळीला बोर्डावर नोकरी लावीन आणि तुला परत देणार नाही."

शेळीवाली हसली आणि दूध द्यायला लागली. झऱ्यावरचं बोलणं तिला लागून राहिलं होतं बहुतेक, पण तसं ती म्हणाली नाही.

*

आणि त्यातच तपासणीचं पत्र आलं.

लाइनमननं ते बोर्डापाशी बसून वाचून दाखवलं. चष्म्याची एक दांडी गेलेली, तिथे तारेचा तुकडा. "कलम अकरा. तात्पुरत्या लाइनीवरील सार्वजनिक टेलिफोनची दर तीन वर्षांनी तपासणी. लांबच्या टोकाहून एक ते पंचवीस आकडे म्हणवून घ्यावेत. अशी वाचनं तीन. तिन्हींत मिळून तीन तुटी आढळल्यास दुसरी तार येईपर्यंत लाइन बंद ठेवावी."

"दुसरी तार येईपर्यंत," ऑपरेटरबाई म्हणाली. "म्हणजे नातवंडांना सांगा आता."

"कधी येणार साहेब?" लाइनमनीणनं विचारलं.

"गुरुवारी."

"आणि पोरीचे दिवस?"

"त्यानंतर आठवड्यानं."

लाइनमन उठला, खांद्यावर दोराची गुंडाळी टाकली, पायात चढायचे लोखंडी आकडे अडकवले आणि दोनशे चौदा खांब तपासायला निघाला. तीन दिवस तो तारेखालून चालला. जिथे खांबावरची चिनीमातीची वाटी तडकली होती तिथे बदलली, जिथे फांदी टेकत होती तिथे तोडली. एकसष्ट नंबरचा खांब कित्येक वर्षं असा वाकला होता की लोक म्हणायचे, हा वस्तीच्या गप्पा ऐकतो. त्याला त्यानं एकट्यानं दोर लावून सरळ केला. तिसऱ्या संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचा डावा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता. लाइनमनीणनं मिठाचं फडकं गरम करून त्यावर ठेवलं. गुडघ्याचं शेकून झालेलं मीठ नंतर खड्ड्यात गेलं. त्या घरात तेव्हा काहीच वाया जात नव्हतं.

"तार ठणठणीत आहे," तो डोळे मिटून म्हणाला. "आता फक्त जमीन."

"जमीन मी बघते," ती म्हणाली.

बुधवारी झऱ्यावर तिचा नंबर चव्वेचाळिसावा होता. तेहतिसाव्यालाच करवंटीत चिखल आला. राखणदारानं हात वर केले. "उद्या बघू." बायका आपापल्या घागरींवर बसून राहिल्या, जणू घागरीला पाठ दाखवली की ती भरेल. लाइनमनीण उठली. घरात कालची एक कळशी शिल्लक होती. ती तिनं झाकून ठेवली, वर पाटा ठेवला. नवऱ्याला एक घोट, स्वतःला ओठ ओले करण्यापुरतं, बाकी सगळी साहेब आल्यावर खड्ड्यात.

*

गुरुवारी दहाच्या सुमाराला जीप आली ती चुलीसारखी धूर सोडत. तपासणी साहेब उतरले. बुटके, घामेजलेले, बगलेत फाइल. लांबचा प्रवास माणसाला वाकवतो तसे वाकून चालत होते. लाइनमन हात जोडून पुढे झाला आणि त्यांना आत घेऊन गेला. साहेबांना खुर्ची पुसून देऊन लाइनमनीण कळशी आणायला घरात गेली.

पाटा खाली ठेवलेला. कळशी नाही.

ती धावत बाहेर आली. जीपचं टोपण उघडं होतं आणि ड्रायव्हर कळशी उलटी करून शेवटचे थेंब झटकत होता. इंजिनातून वाफ येत होती, समाधानाची.

"अहो! हे काय केलंत?"

"रेडिएटर तापला होता, मावशी. दार उघडं होतं. पाणीच तर आहे."

पाणीच तर आहे. लाइनमनीणला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली, पण हात वर करायचं बळ नव्हतं. ती जोत्यावर बसली. तीन दिवस चाललेला नवरा, भोपळ्याएवढा गुडघा, दोन टेकड्यांवरची ठण् ठण्, सगळं त्या धूर सोडणाऱ्या डब्याच्या पोटात गेलं होतं.

आतून साहेबांचा आवाज आला. "काहीच ऐकू येत नाही. मुंगी बोलतेय का तिथे?"

ती दारात गेली. साहेबांच्या कानाला रिसीव्हर, समोर फाइल, हातात पेन्सिल. नवऱ्याचा चेहरा मातीसारखा. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि तिनं रिकामे हात दाखवले.

"साहेब, लाइन जरा तापू द्या," ऑपरेटरबाई म्हणाली. तिनं असं काही आयुष्यात ऐकलं नव्हतं, पण आवाज असा की नियमच वाटावा. "सकाळची पहिली वेळ धरत नाहीत. तोवर चहा घ्या."

"चहा नको. मला जरा..." साहेबांनी पायांची जागा बदलली. "रस्ता फार लांबचा होता."

ऑपरेटरबाईनं लाइनमनीणकडे बघितलं. लाइनमनीणनं ऑपरेटरबाईकडे. दोघी एकोणीस वर्षं शेजारी राहत होत्या. बोलायची गरज पडली नाही.

"चहा घ्याच, साहेब," लाइनमनीण म्हणाली. "नुसत्या दुधाचा आहे. गावात पाणी नाही, दूध आहे. उलटा कारभार आमचा."

शेळीवालीच्या तांब्यातला चहा साहेबांनी मोठा पेला भरून घेतला. ड्रायव्हरनं दोन घेतले. ऑपरेटरबाईनं हट्टानं साहेबांना दुसरा पेला दिला. साहेबांचं कपाळ चमकायला लागलं. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, "इथे सोय कुठे आहे?"

"भिंतीमागे, साहेब. खड्डा केलेला आहे. सगळे तिथेच जातात."

लाइनमन दचकून उठला. "अगं, तो सरकारी..."

"तुम्ही गप्प बसा," ती पुटपुटली. "सरकारी आहे म्हणूनच साहेबांना पाठवतेय. आणि त्यांच्यामागून तुम्हीही जा."

"मी? मी नाही जायचा. सळईला हार घातलाय मी, बसवली तेव्हा."

"मग आता अंघोळ घाला."

साहेब भिंतीमागे बराच वेळ होते. नंतर ड्रायव्हर गेला. त्याच्याकडून तिला निदान एवढी तरी वसुली हवी होती. सगळ्यात शेवटी लाइनमन, मान खाली घालून, देवाची क्षमा मागितल्यासारखा चेहरा करून. लाइनमनीण पाठ करून उभी राहिली. खड्ड्यातून चर्र आवाज आला. काळी शेळी लांबून बघत होती. तिनं मान वर केली आणि ओरडली.

आत झडप पडली. खट्‌.

*

"हॅलो? बाबा?" आवाज असा आला, जणू मुलगी बोर्डाच्या मागे लपलीय.

साहेब सावरून बसले. "हां, हे ठीक. पहिलं वाचन. सुरू करा."

लाइनमनीणनं जादा यंत्र कानाला लावलं. साहेबांनी बघितलं, पण चहा पिऊन झालेला माणूस फार कडक राहत नाही.

एक. दोन. तीन. आकडे एकेक करून येत होते, धान्य निवडल्यासारखे. आठ. नऊ. आणि मग काही नाही. सहा श्वास, सात श्वास. मग दहा आला.

साहेबांनी पेन्सिलीनं रेघ मारली. "एक तूट."

लाइनमननं ओठ चावला. बाकीचे आकडे नीट आले.

"दुसरं वाचन."

ते जरा वेळानं सुरू झालं. चौदापर्यंत स्वच्छ. मग पुन्हा थांबलं. लाइनमनीणनं डोळे मिटले. कानात तारेची खरखर चालूच होती, एकोणीस वर्षं रोज ऐकलेली, चुलीवरच्या आधणासारखी. पंधरा आला तो दातांमधून गाळून आल्यासारखा.

"दुसरी तूट," साहेब म्हणाले. त्यांना वाईट वाटत होतं, तसं ते दिसलंही. "लाइनमन, काम चांगलं केलंत तुम्ही. पण कलम कलम असतं. तिसरं वाचन घ्या."

"साहेब, जरा..." लाइनमन म्हणाला.

तिसरं वाचन चारवरच थांबलं.

साहेबांची पेन्सिल खाली यायला आणि लाइनमनीणचा हात त्यांच्या मनगटावर पडायला एकच गाठ पडली. साहेबांना कुणी असं धरलं नसावं कधी. ते तिच्याकडे बघतच राहिले.

"रेघ मारू नका. खरखर ऐका आधी."

"काय?"

"खरखर! तार तुटली की खरखर पण जाते, साहेब. कान मुका होतो. आत्ता चालू आहे की नाही?"

साहेबांनी रिसीव्हर कानावर दाबला. खोलीत सगळे थांबले. खरखर चालू होती, सलग. आणि त्या खरखरीच्या आत, अगदी जवळून, कुणीतरी नाकानं श्वास ओढून धरला होता.

"तार नाही तुटत," लाइनमनीण म्हणाली. "पोरगी कळ सोसतेय."

मग ती यंत्राच्या तोंडाशी वाकली. "केव्हापासून गं?"

तिकडून श्वास सुटला. "पाच," मुलगी म्हणाली.

"आकडे बस झाले! केव्हापासून?"

"पहाटेपासून. आई, परीक्षा होऊ दे आधी. लाइन बंद झाली तर मग पुढे... सहा..."

लाइनमन भिंतीला टेकला. ऑपरेटरबाईनं मात्र एव्हाना दुसरी झडप वर करून खडीवाल्याचा नंबर जोडला होता. तिकडून उत्तर आलं, ट्रक सकाळीच शहरात गेला.

सगळ्यांनी एकदम खिडकीतून बाहेर बघितलं. बाहेर जीप उभी होती, पोटात कळशीभर थंड पाणी घेऊन.

साहेब उठले. फाइल मिटली. "सुईण कुठे राहते?"

*

जीपमध्ये पुढे साहेब, मागे सुईण आणि लाइनमनीण. लाइनमन मागे राहिला, कारण गुडघा, आणि कारण कुणीतरी खड्ड्याकडे बघायला हवं होतं. सुईण सत्तरीची, काटकुळी, तोंडानं अखंड. तिनं साहेबांना चढाच्या रस्त्याभर त्यांच्या आईची प्रकृती, बायकोची प्रकृती आणि मुलं किती असं विचारलं, आणि एकच सांगितल्यावर "का?" असंही विचारलं. लाइनमनीण तारेकडे बघत बसली. खांब एकेक करून मागे जात होते. एकसष्टावा सरळ उभा होता. तिला तो तसा बघवेना, इतका नवऱ्यासारखा दिसत होता.

वस्तीवर पोचले तेव्हा दुकानाच्या दारात बहिरा सासरा बसला होता. त्यानं जीप बघून विचारलं, "काडेपेटी हवी का?"

आत मुलगी भिंतीला पाठ लावून, फोनच्या खालीच बसली होती. रिसीव्हर लोंबत होता. तिच्या पायात सासऱ्याच्या चपला. आईला बघितल्यावर ती रडली नाही, नुसतं म्हणाली, "पंचवीसपर्यंत म्हटले मी."

"म्हटलेस. तीनदा. आता ओरड."

ती ओरडली. साहेब आणि ड्रायव्हर बाहेर झाडाच्या काठीएवढ्या सावलीत उभे राहिले. वस्तीतल्या बायकांनी आपापल्या घरून पाणी आणलं, कुणी तांब्या, कुणी वाटी, एकीनं तर पेल्याला झाकण लावून. ते एका पातेल्यात जमा झालं. हिरवट होतं, उकळल्यावर बरं दिसलं. बेरीज कुणी केली नाही. लाइनमनीणनं मुलीची मान धरून ठेवली, पोरीची बोटं तिच्या दोन्ही दंडांत रुतली आणि तिची स्वतःची ताठलेली शीर त्या ओढाताणीत कधी सुटली तिला कळलंही नाही.

उन्हं कलायच्या वेळेला सुईण म्हणाली, "मुलगी. आवाज बघा. ही बोर्डावर बसणार."

अर्धं पाणी आईला पुसायला गेलं, अर्ध्यात बाळाची अंघोळ झाली. सुईणीनं पातेलं दाराबाहेर ओतायला उचललं.

"थांबा," लाइनमनीण म्हणाली.

तिनं आधी फोनचा दांडा फिरवला. खाली झडप पडली असावी, कारण फार लांबून, मातीखालून आल्यासारखा नवऱ्याचा आवाज आला. "हॅलो? हॅलो? काही कळत नाही! कोण आहे?" वरचा खड्डा कोरडाठाक होता. सकाळपासून तिकडे बघणार कोण?

तिनं रिसीव्हर दुकानाच्या फळीवर ठेवला. पातेलं कमरेवर घेतलं. दुकानामागे गेली. दोन वर्षं जिला शिव्या देत आली तसलीच सळई तिथे उभी होती, हिरवा थर चढलेली, मिठाचे पांढरे डाग पडलेली. तिनं पातेलं तिरकं केलं. घाई केली नाही. नातीच्या अंगावरचं कोमट पाणी सळईवरून खाली उतरलं, कोळशात गेलं, मातीत गेलं. चर्र झालं.

"पी बाबा," ती म्हणाली.

साहेब तिथेच उभे होते. त्यांनी फाइल उघडली आणि झाडाला टेकून लिहिलं: *अर्थिंग, दोन्ही टोकं, समाधानकारक.* पुढचा रकाना होता, *पाण्याचा स्रोत.* त्यांनी पेन्सिल थोडा वेळ तोंडात धरली आणि तो रकाना रिकामा सोडला.

ती आत आली. बाळाला उचललं आणि फोनच्या तोंडाशी धरलं. बाळाला कुणी थांब म्हटलं नव्हतं, त्यामुळे ते मघापासून रडतच होतं, सलग, श्वास कुठे घेतं कळू न देता.

खालून लाइनमन म्हणाला, नेहमीच्या सातच्या आवाजात, "एकही तूट नाही."

"बरं. ऐका," लाइनमनीण म्हणाली. ती आता जमिनीवर बसली होती, पाय पसरून, आणि पुन्हा कधी उठावं लागू नये असं तिला वाटत होतं. "मी चार दिवस इथेच आहे. उद्या झऱ्यावर आपला नंबर पहिल्या दहांत लागायला पाहिजे. पहाटे घागरी घेऊन तुम्ही जा."

"हॅलो?" नवरा म्हणाला. "हॅलो? काय म्हणालीस? तुटतंय गं मधेमधे!"

"वहिनी," मधूनच ऑपरेटरबाईचा आवाज आला, "लाइन ठणठणीत आहे."